दगड कसा पडला होता

२१ सप्टेंबर २०२५, रविवार. निपाणी

सर्वपित्री. कावळा दुपारपर्यंत आला नाही. आला तो शेजारच्यांच्या पत्र्यावर बसला आणि तिथलंच खाऊन गेला. आमच्या पितरांनाही या घरची भाजी पुरे झालेली दिसते.

संध्याकाळी स्वरूपा मुंबईहून आली. लेक वर्षाने घरी येते तेव्हा बॅगेतून काय काढते? हिने हातोडा काढला. मग छिन्न्या, गॉगल, रिकामी पोती. स्टँडवरून आणणाऱ्या रिक्षावाल्याने मला हळूच विचारलं, "सेंट्रिंगच्या कामाला हाय काय ओ पोरगी?" मी म्हणालो, "जवळजवळ." माझ्या बायकोने, रूपालीने, माझ्याकडे असं पाहिलं की रिक्षाचं भाडं मी घासाघीस न करता दिलं.

स्वरूपाचा विषय ज्वालामुखीचे दगड. आपल्या पायाखालचा काळा कातळ एके काळी वाहत होता, असं ती म्हणते. निपाणीत वाहणारी एकच गोष्ट मला माहीत, ती म्हणजे गटार, आणि तेही पावसाळ्यातच. पण पीएचडी करणाऱ्या माणसाशी वाद घालू नये. तिच्या प्रबंधाचा शेवटचा भाग तवंदी घाटापलीकडच्या एका बंद खाणीवर आहे. इथून दगड न्यायचे, मुंबईच्या प्रयोगशाळेत मोजायचे. तिथल्या यंत्रावर तिची पाळी दसऱ्यानंतरच्या सोमवारी. ते झालं की डिसेंबरात प्रबंध, आणि प्रबंध झाला तरच जानेवारीत नॉर्वे. दोन वर्षांसाठी, पुढच्या संशोधनाला.

दोन वर्षं म्हणजे किती, ते मला ठाऊक आहे. माझी ही वार्ताहरकी "सहा महिने बघू" म्हणून सुरू झाली होती.

रूपाली "बरं" म्हणाली आणि निवडून ठेवलेले तांदूळ पुन्हा निवडायला बसली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

खाणीवर गेलो. मी, स्वरूपा, माझी स्कूटर आणि माझा गुडघा. यांतले शेवटचे दोघे घाटातच थकले.

खाण म्हणजे डोंगराला घेतलेला एक उभा चावा. खाली काळा कातळ, वर काळा कातळ, मधे विटेसारखा तांबडा पट्टा. स्वरूपा म्हणते, खालचा लाव्हा येऊन थंड झाला, त्यावर माती तयार व्हायला भरपूर काळ गेला, मग वरचा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. पट्ट्याखालचे आणि वरचे दगड तिला हवेत.

दगड असा उचलून चालत नाही. तो भिंतीत आहे तसा असतानाच त्यावर एक आडवी रेघ मारायची, एक बाण काढायचा, बाणाची दिशा आणि उतार वहीत लिहायचा, आणि मगच हातोडा. होकायंत्रावर भरवसा नाही, कारण कातळ स्वतःच चुंबक, तो सुईला फितवतो. म्हणून सूर्य लागतो. काडी उभी करून सावली बघायची आणि घड्याळाशी जुळवायची. ढग आला की काम बंद. आज ढग सात वेळा तरी आला असेल. आम्ही बापलेक प्रत्येक वेळी आभाळाकडे तोंड करून बसलो. बाहेरून पाहणाऱ्याला आम्ही सूर्योपासक वाटलो असू.

बाहेरून पाहणारा होताच. खाणीला लागून भावकू नावाच्या शेतकऱ्याचं तंबाखूचं रान. विळा घेऊन आला.

"काय ओ पेपरवाले, सर्वे चाललाय व्हय?"

"सर्व्हे न्हाय बाबा. दगड बघायला आलोय."

"दगुड बघायला निपाणीस्नं हितं? निपाणीत सपलं काय?" मग स्वरूपाच्या बाणांकडे विळा दाखवत, "ह्या खुणा कसल्या? आमच्याकडं असली खूण मारली की म्हैन्यात जेसीबी येतंय बघा."

स्वरूपाने त्याला होकायंत्र हातात दिलं आणि कातळाजवळ न्यायला सांगितलं. सुई गर्रकन फिरली. भावकूने विळा खाली ठेवला.

"आयला! दगुड वडतोय की!"

मग तिने त्याला समजावलं आणि त्यात मीही शिकून घेतलं. लाव्हा थंड होताना त्यातले लोखंडाचे बारीक कण, पृथ्वीचं चुंबक त्या वेळी खेचेल तसे वळतात, आणि दगड घट्ट झाला की तसेच अडकून राहतात. सुई नुसती उत्तर-दक्षिण दाखवत नाही, ती झुकतेही. विषुववृत्तावर आडवी, ध्रुवाकडे जाल तशी उभी. म्हणजे दगडातली सुई किती झुकली आहे ते मोजलं की दगड जन्मला तेव्हा तो विषुववृत्तापासून किती लांब होता ते समजतं. दख्खनच्या इतर ठिकाणचे असले दगड सांगतात की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ही आपली जमीन विषुववृत्ताच्या पार खाली होती, आज रियुनियन बेट आहे त्या बाजूला. तिथून ती वर्षाला जवळजवळ वीतभर अशी निघाली, आशियाला धडकली, तेव्हा कुठे वेग कमी झाला. आता वर्षाला तीन बोटं.

"आत्ताबी?" भावकूने विचारलं.

"आत्तापण, काका."

"तरीच माझा बांध सरकायला लागलाय. मी उगंच चुलतभावाला शिव्या देतोय."

पाठशाळेत आम्हाला पृथ्वीची नावं घोकायला लावत. त्यात एक अचला, म्हणजे न हलणारी. चुकलं तर छडी. आज कळलं, छडी खाणारे बरोबर होते.

जाताना भावकू म्हणाला, "काय बघायचं ते लौकर बघून घ्या. दसऱ्याला मशीन पुजून क्रशर चालू करणार हाईत. पयला सुरुंग ह्याच भिताडाला."

२४ सप्टेंबर, बुधवार

दगडांची बातमी काल रात्रीच करून बेळगावला पेपरकडे पाठवली होती. लगेच वृत्तसंपादक मारुतीरावांचा फोन. "नागेंद्र, भूगोल झकास आहे. पण तेव्हा ही जमीन कुणाच्या हद्दीत होती, तेवढं एका वाक्यात टाका."

"तेव्हा माणूसच नव्हता."

"मग वाचणार कोण?"

आज बातमी आत, शेवटून दुसऱ्या पानावर, हरवलेल्या म्हशीच्या वर लागली. म्हैस बोरगावची. तिच्यासाठी फोन आले.

२७ सप्टेंबर, शनिवार

आणखी दोनदा जाऊन आलो. आता सोप्यात दगडांच्या दोन रांगा आहेत, प्रत्येकावर काळ्या पेनाने रेघ, बाण आणि नंबर. पेन कधीही न पुसणारं म्हणून महागाचं.

स्वरूपा आईला म्हणाली, "आई, यांना हात लावू नको हं. खूण गेली तर दगड फुकट."

रूपाली चिडली. "मला शिकवतीस व्हय खूण? मागावर वाढल्येय मी."

खरं आहे. तिचं माहेर बेळगावच्या वडगावातलं, विणकराचं. मी शेंडीचा आणि ती मागाची, या एकाच कारणाने आमच्या लग्नाला दोन्हीकडून कुणी आलं नव्हतं. पुढे पोर झाल्यावर सगळे आले आणि जेवूनही गेले. तिने लेकीला सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, कधी लेखात कामी येईल. बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, ताण्याचे उभे धागे गुंडाळतात तेव्हा त्यावर निळी खूण मारतात, साडी कुठे संपते आणि पदर कुठे येतो त्याची. ती खूण पुसली तर पदर साडीच्या मधोमध येतो.

"खंडेनवमीला समदा माग धुत्यात, पुसत्यात, हळदकुंकू लावत्यात," ती म्हणाली. "पर खुणेला बोट न्हाय लावत कोण. तिच्या भवतीनं हळद लावायची. रांगत्या लेकराला सुदीक ठावं असतंय ते."

"मग माझं काम तुला कळलं म्हणायचं," स्वरूपा हसली.

"कळलं की. सगळं कळलं," रूपाली म्हणाली, आणि भाकरी करपली.

२९ सप्टेंबर, सोमवार

दिवसभर पाऊस. नगरपालिकेची सभा, कोरम नाही. ही बातमी मी पूर्वीच लिहून ठेवली आहे, फक्त तारीख बदलतो.

जेवताना नॉर्वे निघालं.

"तिकडं सा म्हैनं रात आसती म्हणं?"

"ते अगदी वर टोकाला गं. मी असेन तिथे हिवाळ्यातही थोडा उजेड असतो."

"थोडा म्हंजे?"

"सकाळी उशिरा येतो, दुपारी जातो."

"सरकारी हापिसासारखा," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

रूपाली म्हणाली, "मी वडगावास्नं निपाणीला आले तवा माझ्या आईला ह्येच नॉर्वे वाटलतं." मग उठून माझा शर्ट घेऊन बसली. खिशात पेन गळलं होतं. तिच्याकडे माहेरची एक बाटली असते, मागावरच्या साडीला तेलाचे डाग पडतात ते काढायच्या औषधाची. भाऊ परशराम देतो. चिंधी भिजवली, फिरवली, शाई गेली. न पुसणारी वगैरे काही त्या बाटलीपुढे टिकत नाही. वास मात्र पिकून काळ्या झालेल्या केळ्यासारखा, डोकं उठवणारा. मी सोप्यात जाऊन बसलो. बराच वेळ तीही येऊन दगडांकडे बघत उभी होती. तिलाही यात गोडी वाटू लागली आहे, हे पाहून बरं वाटलं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

हात थकलेला आहे, पण लिहितो.

स्वरूपा सकाळी कोल्हापूरला गेली होती, दगड भरायला लाकडी खोकी आणायला. मी पूजांच्या फेरीवर. आजच्या दिवशी निपाणीत वखारी, ट्रक, गॅरेज, छापखाना, सगळ्या हत्यारांना हार असतो आणि बातमीदाराला सगळीकडे पेढा. साखर वाढवून घरी आलो तेव्हा स्वरूपाही नुकतीच पोचत होती.

सोप्यात पाट मांडलेले. हातोडा, छिन्न्या, माझा लॅपटॉप, माझं पेन, विळी, शिवणयंत्र, आणि सगळे दगड. धुऊन, पुसून, प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. काळेभोर, चकचकीत. एकावरही रेघ नाही, बाण नाही.

स्वरूपा उंबऱ्यावरच थांबली.

"आई, हे काय केलंस?"

"पूजा. तुझी हत्यारं न्हवं ही?"

"हत्यारं म्हणजे हातोडा. दगड कशाला?"

"दगुड न्हाईत तर हातोड्याला काम काय?"

हा युक्तिवाद तसा बिनतोड होता, पण दाद द्यायची वेळ नव्हती. स्वरूपाने एक दगड उचलला, उजेडात फिरवला, मग नाकाशी नेला. दुसरा उचलला, तोही हुंगला. भूशास्त्रज्ञ दगडाचा वास घेतात असं ऐकलं होतं, आज पाहिलं. मीही एक हुंगून बघितला. केळ्याचा वास. नैवेद्याला केळी ठेवली होती, त्याचा असणार. तशी दोनच होती आणि हिरवट होती, पण बंद खोलीत वास भरतो.

मग ती आईकडे बघत राहिली. रूपाली झेंडूचे देठ खुडत होती. फुलं वाहून झाली होती तरी खुडत होती.

मी बोललो. नको तितकं बोललो. तिच्या अज्ञानावर, रूढींवर, आमच्या घरी शास्त्र कसं कुंकवाखाली गाडलं जातं त्यावर. एक संस्कृत वाक्यही म्हणालो, ज्याचा या प्रसंगाशी संबंध नव्हता. रूपाली एका शब्दाने उलटली नाही, हे मात्र नवल. एरवी माझ्या अर्ध्या वाक्याला तिचं दीड उत्तर असतं.

स्वरूपाच म्हणाली, "आप्पा, आईला काही बोलू नका."

दगडांत सुई अजून आहेच. साडेसहा कोटी वर्षं जपलेली ती पाण्याने जात नाही. पण दगड भिंतीत कुठल्या अंगावर होता ते आता कुणालाच माहीत नाही. वहीत कोन लिहिलेत, पण ज्या रेघेपासून मोजले ती रेघच गेली. फोनमध्ये फोटो होते त्यावरून चारपाच दगड वाचतील. एवढ्यावर प्रबंध होत नाही. आणि प्रबंध नाही तर नॉर्वे नाही.

हे शेवटचं वाक्य लिहिताना छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. पेढे जास्त झाले.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सोनं द्यायला वडगावला गेलो, दरवर्षीसारखे. बसमध्ये तिघं तीन ठिकाणी बसलो. गर्दी नव्हती.

मागांना सुट्टी, त्यामुळे गल्ली बहिरी झाल्यासारखी शांत. सासूबाई, म्हणजे बायाक्का, खाटेवर. ऐकू कमी, बोलणं जास्त. स्वरूपाने आपट्याचं पान दिलं आणि काय झालं ते सांगितलं. म्हातारीने कानामागे हात धरला.

"खूण पुसली? कुणी, रूपीनं?"

"पूजेला दगड धुतले आज्जी, त्यात गेली."

"ह्या!" बायाक्का म्हणाली. "रूपी न्हाय खूण पुसायची. झोपंत सुदीक न्हाय पुसायची." आणि लेकीकडे टक लावून पाहिलं. म्हाताऱ्या माणसांना आपल्या लेकरांची चूक पटत नाही.

मग अचानक, काही संदर्भ नसताना, तिने आमच्या लग्नाची गोष्ट काढली. "ही तुझ्या बाकडं जानार म्हणून कळलं, तवा मी हिची पेटी माळ्यावर दडवली. वाटलं, पेटीबिगर कुठं जाईल? तर गेली की गं! अंगावरच्या लुगड्यानिशी गेली. पेटी ऱ्हायली माझ्याकडं. रोज बघायची आन् रडायची."

स्वरूपा हसली. मीही हसलो, पेटीचं मला आजच कळलं. रूपाली उठून मागाच्या खोलीत गेली. बऱ्याच वेळाने आली ती हातात कसलीशी निळी कांडी घेऊन. बीमवर खुणा मारायचा तेलकट खडू. परशरामकडून मागून आणला म्हणाली.

"आता कशाला?" मी विचारलं.

"असू दे."

बायका माहेराहून काहीही आणतात.

४ ऑक्टोबर, शनिवार

स्वरूपाने प्रयोगशाळेला कळवलं. तिथले सर भले आहेत. पाळी त्याच आठवड्याच्या शेवटाकडे सरकवली, त्यापुढे यंत्र दुसऱ्यांचं. भावकूला फोन केला. क्रशरला हार पडलाय, सोमवारी सुरुंग. म्हणजे उद्याचा एकच दिवस.

माझा गुडघा सुजून भोपळा झालेला. स्वरूपाला म्हणालो, "राहू दे. पुढच्या वर्षी दुसऱ्या खाणीत बघ. बेळगावच्या एखाद्या कॉलेजात तोवर नोकरी मिळेल. कॅम्पात खोली घे, नाहीतर वडगावला आजीकडे. रविवारी घरी येशील." मी हे सगळं सलग म्हणालो. कधी जुळवून ठेवलं होतं कोण जाणे.

स्वरूपा छिन्न्या पोत्यात भरत राहिली. रूपाली स्वयंपाकघरातून आली, हात पदराला पुसत.

"मी येते उद्या. काडी मी धरीन."

"तू?" मी म्हणालो. "आणखी काय धुवायचं राहिलंय?"

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लेकीला विचारलं, "किती वाजता निघायचं?"

५ ऑक्टोबर, रविवार

भाड्याच्या ओम्नीतून तिघं. आभाळ गच्च. दगड फोडायला तयार, छिन्न्या तयार, सूर्य गैरहजर. मी एका सपाट दगडावर पाय लांब करून बसलो आणि माझ्या लक्षात आलं की गेल्या कित्येक महिन्यांत मी असा नुसता बसलेलो नाही. यालाही थकवाच म्हणतात बहुतेक.

दुपारची भाकरी झाली, ढग हलेना. भावकू येऊन बसला.

"वैनी, तुमीबी दगडावर आलासा?"

"आले की."

"मालक काय करत्यात?"

"बसल्यात. त्येंचं त्येच काम."

स्वरूपा मोठ्याने हसली. बुधवारपासून पहिल्यांदा.

तीनच्या पुढे ढगाला एक भोक पडलं. मग रूपालीचं रूप बघण्यासारखं होतं. कासोटा घालावा तसा पदर खोचला, काडी धरली, सावली पडली की "हं!" म्हणायची, की लेक घड्याळ बघायची. रेघ स्वरूपा पेनाने मारत होती. दोनतीन दगड झाल्यावर रूपालीने तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि कमरेचा निळा खडू काढला.

"ह्येनं मार. नाहीतर मी मारते."

आणि मारली. एका दमात, सरळ, जाड. बाणही तसाच. इतकी वर्षं ही बाई फक्त रांगोळी काढते असं मी समजत होतो.

"आई, हा पुसत नाही?"

"न्हाय. पाण्यानं न्हाय, औषधानंबी न्हाय."

"औषधाने पण बघितलंस?"

रूपाली दगडावर वाकलेलीच होती. "परवा बघितलं लावून. न्हाय जात." आणि जरा थांबून, "आता न्हाय जात."

स्वरूपाने आईच्या पाठीवर हात ठेवला. थोडा वेळ कुणीच काम केलं नाही, सूर्य असूनही. मी ओरडलो, "अहो, ढग येतोय!" या दोघींना वेळेचं भान नाही. चुकीचं प्रायश्चित्त म्हणून रूपालीने खडूची परीक्षाही घेऊन ठेवली, हे मात्र मानलं पाहिजे. लेकीची प्रयोगाची वृत्ती कुठून आली, ते आज समजलं. मला वाटत होतं माझ्याकडून.

तांबड्या पट्ट्याच्या खालचे झाले, वरचे झाले. शेवटचा दगड सुटला तेव्हा सावल्या लांब झालेल्या.

८ ऑक्टोबर, बुधवार

स्वरूपा पहाटेच्या गाडीने गेली. खोकी ड्रायव्हरने उचलताना विचारलं, "काय हाय ह्यात?" रूपाली म्हणाली, "दगुड. सरळ ठेव बाबा, उलटंपालटं करू नको." स्वरूपाने सांगितलं की आता कसंही ठेवलं तरी चालतं, खुणा आहेत. तरी रूपालीने खोकी सरळ ठेवून घेतली.

सोपा रिकामा झाला. प्रशस्त वाटतो. इतका प्रशस्त की कुठे बसावं कळत नाही.

एक दगड जास्तीचा होता, तो स्वरूपा ठेवून गेली. मी माझ्या टेबलावर कागदांवर ठेवला आहे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. फराळ उरला आहे, खाणारं माणूस मुंबईत.

स्वरूपाचा फोन. मोजणी झाली. तवंदीची सुईही तेच सांगते, विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तीस अंशांच्या जवळपास. पट्ट्याखालचे आणि वरचे यांत थोडा फरक आहे, तिला हवा होता तेवढा. सर खूश. डिसेंबरात प्रबंध नक्की.

फोन स्पीकरवर होता. "आई, तुझ्या निळ्या खुणांचे दगड सगळ्यात चांगले निघाले."

रूपाली म्हणाली, "मग तिकीट कधीचं?"

"जानेवारीच्या दहाचं बघतेय."

"लोकरीचं काय-काय लागंल त्याची यादी धाड. आन् तिकडं डाळ मिळती का विचार कुणालातरी."

फोन ठेवल्यावर तिने माझ्या बुशशर्टाचं तुटलेलं बटण लावायला घेतलं. उलट्या बाजूला लावलं. उसवून पुन्हा लावलं. मला दुसरंच काही आठवत होतं, पण काय ते आठवेना.

१ नोव्हेंबर, शनिवार

आजची बातमी सगळ्या बेळगावला पाठ आहे. एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला मराठी माणसांचा काळा दिवस, मधे पोलीस, आणि मी. दोन्हीकडच्या घोषणा मी तोंडपाठ म्हणू शकतो, कुणी विचारलं तर. सकाळपासून उभा होतो. या वर्षी घोषणा ऐकताना सारखं वाटत राहिलं की आपण सगळे एका हळूहळू चाललेल्या गाडीत जागेवरून भांडतो आहोत. मारुतीरावांना हे वाक्य पाठवलं नाही. ते विचारतील, गाडी कुठल्या डेपोची.

परतताना तवंदीवरून आलो. ती भिंत उरलेली नाही. तांबडा पट्टाही नाही. खडीचे ढीग आहेत आणि पांढरी धूळ भावकूच्या तंबाखूवर बसलेली.

घरी येऊन बातमी लिहायला बसलो. पंखा लावला, कागद उडायला लागले, म्हणून तो दगड ओढून त्यांच्यावर ठेवला. चहा घेऊन रूपाली आली. कप ठेवला, दगड उचलला, कागदाशेजारी मांडला, बाण भिंतीकडे करून जरासा तिरका फिरवला, खाली घडी केलेलं फडकं सारून एका अंगाने उंच केला. मान वाकडी करून पाहिला. मला कळेना.

"हे काय?"

"असाच पडलता त्यो. खाणीत."

"पडला असेल. माझे कागद उडतायत."

"दुसरं कायतरी ठेवा." तिने फडकं अजून जरा आत सारलं. "पुसताना हलवू नगा. ह्यो कसा होता, कुठं तोंड हुतं, घरात कुणालातरी ठावं पायजे न्हवं? उद्या परत ठेवायचा झाला तर?"

फोडलेला दगड खाणीत परत कोण ठेवतं? आणि ठेवायची म्हटली तर ती भिंत आता कुठे आहे? हे मी आज डोळ्यांनी पाहून आलो होतो. तिला सांगणार होतो. ती अजून दगडाकडेच बघत होती, तेव्हा नाही सांगितलं.

कागदांवर चहाचा कप ठेवला. डाग पडला. राहू दे.